उजवीकडे सरकलेली संक्रांत

अकरावीत असताना मी आजीला चारचौघांत चूक ठरवलं होतं. संक्रांतीचा दिवस होता. आमच्या नंदुरबारकडे गुजरातचा वारा जास्त, त्यामुळे सकाळपासून सगळे गच्चीवर पतंग घेऊन. खाली ओट्यावर आजी शेजारच्या बायकांना तिळगूळ देत होती आणि नेहमीचं वाक्य म्हणाली, की आजपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो. मी नुकताच सायन्सला गेलेलो. मी म्हणालो, आजी, दिवस २२ डिसेंबरपासूनच मोठा होतो, तुमची संक्रांत तीन आठवडे उशिरा येते. बायका हसल्या. आजी हसली नाही. अहिराणीत एवढंच म्हणाली, "सकायमा उठीसन दखं शे का कधी?" सकाळी उठून कधी बघितलंयस का? मी अर्थातच बघितलं नव्हतं.

तिच्या त्या प्रश्नाला उत्तर आहे हे मला दहा-अकरा वर्षांनी कळलं, आणि ते ज्या वाटेनं कळलं ती वाट साइनच्या आलेखातून जाते. म्हणून हा लेख.

त्याच वर्षी वर्गात ते सूत्र आलं होतं: य = अ साइन ब(क्ष − क) + ड. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी. अॅम्प्लिट्यूड, पिरियड, फेज शिफ्ट, व्हर्टिकल शिफ्ट हे चार शब्द आणि त्यांचे चार नियम आम्ही पाठ केले. अ बदला, लाट उंच किंवा बुटकी होते. ब बदला, लाट आडवी दाबली जाते किंवा ताणली जाते. ड बदला, अख्खी लाट वर-खाली. आणि क वजा केला की लाट उजवीकडे जाते. हे शेवटचं कुणालाच पटायचं नाही. वजा म्हणजे मागे, मागे म्हणजे डावीकडे, मग ही उजवीकडे कशी? उत्तर मिळालं, "तसा नियम आहे." सीईटीत तेवढ्यानं काम भागलं.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर खोलीवर रत्नागिरीकडचा एक मित्र होता. पहिल्याच जानेवारीत त्याच्या घरून तिळगूळ आला, तो १० तारखेला. मला वाटलं, कुरिअर लवकर पोहोचलं. तो म्हणाला, आमच्याकडे टिळक पंचांग, आमची संक्रांत आजच. म्हणजे आता माझ्याकडे तीन तारखा झाल्या: भूगोलाची २२ डिसेंबर, मित्राची १० जानेवारी आणि आजीची १४ जानेवारी. सूर्य एक, लाट एक आणि ती सुरू कुठे होते यावर तीन मतं. मला पहिल्यांदाच वाटलं, की ‘क’ हे अक्षर कुणाच्या तरी घरात राहतं.

नंदुरबारची लाट

आधी ती लाट कागदावर काढू. आडव्या अक्षावर वर्षाचे दिवस, १ जानेवारी म्हणजे १. उभ्या अक्षावर नंदुरबारला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत किती वेळ जातो ते. नंदुरबारचा अक्षांश साधारण २१ अंश २२ कला. कर्कवृत्त आमच्या उत्तरेला, म्हणून वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा आणि सर्वांत मोठा सुमारे १३ तास २६ मिनिटांचा. मधली रेषा १२ तास ८ मिनिटं. (वरची ८ मिनिटं हवेतल्या वक्रीभवनाची आणि सूर्याच्या थाळीएवढ्या आकाराची.) मधल्या रेषेपासून लाट वर-खाली ७८ मिनिटं जाते. म्हणजे ड = १२ तास ८ मिनिटं, अ = ७८ मिनिटं. पूर्ण फेरा ३६५ दिवसांचा. राहिला क. लाट मधली रेषा ओलांडून वर चढते तो दिवस २१ मार्च, म्हणजे वर्षाचा ८०वा दिवस. म्हणून क = ८०.

आता वजाचं कोडं सुटतं. साइनला आपण दिवसाची तारीख देत नाही. ८०व्या दिवसापासून किती पुढे आलो, ते देतो. ८०व्या दिवशी ते अंतर शून्य होतं, म्हणून लाटेची सुरुवात ८० या आकड्यावर, उजवीकडे, जाऊन बसते. ‘वजा ८०’ म्हणजे ‘मोजायला ८० पासून सुरुवात करा’. नियम पाठ करायची गरज नव्हती.

या सूत्रात १४ जानेवारी घाला. उत्तर येतं १० तास ५७ मिनिटं. म्हणजे संक्रांत येईपर्यंत नंदुरबारचा दिवस सात मिनिटांनी मोठा झालेला असतो. अकरावीतला मी बरोबर होतो, निदान आतापर्यंत.

गाव बदललं की अ बदलतो. कन्याकुमारीला तो जेमतेम अर्धा तास, लंडनला सव्वाचार तासांहून जास्त. भारतातल्या माणसाला ऋतूनं दिवस लहान-मोठा होणं कवितेत ऐकू येतं, लंडनच्या माणसाला ते ऑफिसातून अंधारात घरी जाताना दिसतं. आकार तोच, फक्त ताण वेगळा.

त्रिज्या या शब्दात काय आहे

साइन हा शब्द आम्हाला इंग्रजी म्हणून शिकवला. त्याची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची दोरी म्हणजे जीवा, आणि अर्ध्या दोरीवर गणित सोपं होतं म्हणून अर्धज्या, पुढे नुसतं ज्या. अरबीत त्याचं जीब झालं. अरबीत स्वर लिहीत नाहीत, तेव्हा कुणीतरी ते जैब वाचलं, म्हणजे वस्त्राची घडी किंवा छाती. लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर सायनस, आणि तिथून साइन.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या आम्ही विसरलो नव्हतोच. आठवीच्या भूमितीत जीवा होती आणि त्याहून जवळची, त्रिज्या. त्रिज्या म्हणजे तीन राशींची ज्या. एक रास ३० अंशांची, तीन राशी ९० अंश. ९० अंशांची ज्या म्हणजे वर्तुळाचं केंद्रापासूनचं अंतर. जो शब्द आम्ही कंपासपेटी उघडताना रोज म्हणत होतो, त्याचा अर्थ ‘साइन ९०’ असा होता.

या शब्दात आलेखाचा उभा ताणही लपलेला आहे. आज आपण साइन ९० म्हणजे १ मानतो. जुने ज्योतिषी तसं करत नसत. त्यांच्याकडे ९० अंशांची ज्या म्हणजे प्रत्यक्ष त्रिज्या, आणि ती किती घ्यायची हे ज्याच्या त्याच्या सोयीवर. वर्तुळाच्या परिघात २१,६०० कला असतात. कलांच्याच मापात त्रिज्या काढली तर ३४३८ येते, म्हणून तो आकडा फार चालला. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत (११५०) मोठी ज्यासारणी ३४३८ ची आहे. पण हातानं झटपट गणित करणाऱ्यासाठी त्यांनी १२० त्रिज्येची छोटी सारणीही दिली आहे, दर दहा अंशांना एक आकडा, एकूण नऊच: २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २.

हे आकडे ज्या नाहीत, दोन लागोपाठच्या ज्यांमधले फरक आहेत. बेरीज करत जा. पहिले तीन मिळवले की ६०, म्हणजे १२० चं अर्धं, साइन ३० = अर्धा. नऊही मिळवले की १२०. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कॅल्क्युलेटर काढून एकेक आकडा तपासला. एकही आकडा जवळच्या पूर्णांकापासून ढळलेला नाही. आणि फरकांकडे नुसतं बघितलं तरी लाटेचा आकार दिसतो: आधी भराभर चढते, मग दमते, माथ्याजवळ जवळजवळ थांबते. ज्याची वाढ कोटिज्येच्या प्रमाणात होते, म्हणजे साइनच्या वाढीचा आलेख ही ९० अंश सरकवलेली साइनच, ही गोष्ट भास्कराचार्य ग्रहाची क्षणाक्षणाची गती काढताना स्पष्ट वापरतात.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड असं सांगितलंय आणि ते नेमकं कुठलं यावर वाद आहे. पण त्यांच्या ग्रंथांची शाळा कुठे होती यावर वाद नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील येतो तिथे तो मराठीत उतरतो. बाजारातल्या मालावरचा वाटा, घाण्यामागे पळीभर तेल. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला.

पाटण आज जळगाव जिल्ह्यात आणि मी नंदुरबारचा. पण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा, त्याआधी आम्ही धुळ्यात, आणि १९०६ च्या आधी हा सगळाच एक खानदेश जिल्हा होता. पावसाळ्यात एकदा धुळ्यावरून चाळीसगावला उतरून पाटणादेवीला जाऊन आलो. डोंगर हिरवेगार, देवळात नवस फेडणारी मंडळी, माकडं. मठ राहिलेला नाही. मला तिथे काही साक्षात्कार झाला नाही. फक्त एवढं वाटलं, की अकरावीत ज्या सूत्राला आम्ही परक्या भाषेतलं समजून घाबरलो, ते आठशे वर्षांपूर्वी आमच्याच जुन्या जिल्ह्यात पळीभर तेलाच्या उत्पन्नावर शिकवलं जात होतं.

उच्च, म्हणजे क

ते सूत्र म्हणजे नुसती ज्या नव्हे, सरकवलेली आणि ताणलेली ज्या. सूर्य राशीचक्रात रोज सारखाच पुढे जातो असं धरलं तर जी जागा येते तिला मध्यम सूर्य म्हणतात. खरा सूर्य कधी तिच्या पुढे असतो, कधी मागे. हा फरक म्हणजे मंदफल. सिद्धान्तशिरोमणीतली ते काढायची रीत अशी: मध्यम सूर्यातून मंदोच्च वजा करा. उरतं त्याला मंदकेंद्र म्हणा. मंदकेंद्राची ज्या घ्या. तिला सूर्याच्या मंदपरिधीनं गुणा आणि ३६० नं भागा. केंद्र पहिल्या सहा राशींत असेल तर आलेलं फळ वजा करा, पुढच्या सहा राशींत असेल तर मिळवा.

पायऱ्या मोजा. आधी वजाबाकी, मग साइन, मग गुणाकार, मग मध्यमात बेरीज-वजाबाकी. आधी आडवी सरक, मग लाट, मग उभा ताण, मग मधली रेषा. अकरावीचं सूत्र जसंच्या तसं, फक्त इथे प्रत्येक अक्षराला नाव आहे. क म्हणजे मंदोच्च, सूर्याची सर्वांत संथ चालीची जागा, सुमारे ७८ अंश. अ परिधीतून येतो: १३ अंश ४० कला. त्याला ३४३८ नं गुणून ३६० नं भागलं की सुमारे १३०, म्हणजे २ अंश १० कला. खरा सूर्य मध्यम सूर्यापासून जास्तीत जास्त एवढा ढळतो. चंद्राचा परिधी ३१ अंश ३६ कला, म्हणून त्याची लाट ५ अंशांच्या वर जाते. लाटेचा आकार एकच. दोन ग्रहांत फक्त ताण आणि सरक वेगळी.

आम्हाला कुणी सांगितलं असतं, की क हे सूर्य संथ होतो ते ठिकाण आहे आणि मोजणी तिथून सुरू करायची आहे, तर ‘वजा म्हणजे उजवीकडे का’ हा प्रश्न वर्गात आलाच नसता.

काठीची सावली आणि तीन आकडे

दिवसाच्या लांबीचं गणितही याच परंपरेत आहे, आणि ते इतकं लहान आहे की शर्टाच्या खिशात मावेल. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये (१५२०) ग्रहलाघव लिहिलं. पुढची काही शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरच चालली. ज्या आणि धनुष्य न वापरता ग्रहगणित करून दाखवणं ही गणेश दैवज्ञांची ईर्षा होती.

त्यांची रीत: विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असताना, बारा अंगुळांची काठी उभी करा आणि भर दुपारची सावली मोजा. ती पलभा. पलभेला तीन ठिकाणी लिहा. एकीला १० नं गुणा, दुसरीला ८ नं, तिसरीला १० नं गुणून ३ नं भागा. आलेले तीन आकडे म्हणजे चरखंड. सूर्य विषुवापासून एक रास पुढे गेला की अर्धा दिवस पहिल्या आकड्याएवढ्या पळांनी वाढतो, दुसऱ्या राशीत दुसऱ्या आकड्यानं, तिसऱ्यात तिसऱ्यानं.

मार्चमध्ये सुट्टीला घरी गेलो होतो तेव्हा गच्चीवर ६० सेंटिमीटरची सळई उभी केली. बाराच्या ठोक्याला नाही, साडेबारानंतर, कारण नंदुरबारचा मध्यान्ह घड्याळात साधारण १२ वाजून ४० मिनिटांनी येतो. सावली साडेतेवीस सेंटिमीटर भरली. बारा अंगुळांच्या मापात ४.७. आता गुणा: ४७, साडेसदतीस, पावणेसोळा. बेरीज शंभर पळं. पळ म्हणजे २४ सेकंद, म्हणून ४० मिनिटं. अर्ध्या दिवसाला ४० तर पूर्ण दिवसाला ८०. वर आपण अक्षांशावरून काढलेला ताण होता ७८ मिनिटं. एका सावलीवरून आणि तीन आकड्यांवरून दोन मिनिटांपर्यंत उत्तर.

१०, ८ आणि ३⅓ हे तीन आकडे म्हणजे पुन्हा तीच दमणारी लाट. बेरीज २१⅓. पहिल्या राशीतच जवळजवळ निम्मी वाढ होऊन जाते, शेवटच्या राशीत सहाव्या हिश्श्याहूनही कमी. ज्या न वापरता लिहिलेल्या ग्रंथात ज्या अशी बसलेली आहे.

पण या लेखासाठी महत्त्वाचा आहे त्या श्लोकातला एक शब्द: सायन. गणेश दैवज्ञ सांगतात, हा सूर्य सायन घ्यायचा. म्हणजे पंचांगातल्या सूर्याच्या जागेत आधी अयनांश मिळवायचे आणि मग दिवस मोजायचा. अयनांश किती? शकातून ४४४ वजा करा आणि ६० नं भागा. शके १४४२ ला ९९८ कला, म्हणजे १६ अंश ३८ कला. भास्कराचार्यांच्या करणकुतूहलात (११८३) तेच अयनांश ११ आहेत.

याचा अर्थ नीट समजायला मला वेळ लागला. पंचांगातली मकर संक्रांत आणि सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो दिवस वेगळे आहेत, हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. किती वेगळे आहेत याचं सूत्र ते देत होते. दिवस मोजायचा तर सरक मिळवून, सण साजरा करायचा तर सरक न मिळवता, असे दोन हिशोब शेजारी शेजारी चालले होते. दरवर्षी जानेवारीत व्हॉट्सअॅपवर दोन प्रकारचे निरोप फिरतात. एकात पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणून संक्रांत शास्त्रीय असते. दुसऱ्यात पूर्वजांना अयनबिंदूही कळत नव्हता म्हणून हसणं. एक श्लोक नीट वाचला तर दोन्ही निरोप पुढे ढकलता येत नाहीत.

क किती, यावरचं भांडण

मग भांडण कशावर झालं? क च्या किमतीवर. राशीचक्र आकाशात कुठून सुरू करायचं, कुठल्या ताऱ्याला शून्य म्हणायचं, यावर.

एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीनं काढलेली ग्रहस्थानं आणि ग्रहलाघवाची ग्रहस्थानं यांतला फरक डोळ्यांना दिसू लागला होता. केरो लक्ष्मण छत्रे, कुलाबा वेधशाळेत काम केलेले गणिती, यांनी १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग काढलं. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. त्यांनी शून्य धरला रेवतीचा तारा. तसं धरलं की त्या वेळचे अयनांश साधारण १८ येत होते. टिळकांनी हीच बाजू उचलून धरली आणि पुढे ते टिळक पंचांग झालं. दुसरी बाजू म्हणत होती, चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर शून्य धरा. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) या बाजूचे मोठे गणिती. चित्रेवरून अयनांश साधारण २२. दोन्ही पक्षांचं आधुनिक गणित जवळपास सारखंच शुद्ध होतं. फरक चार अंशांचा, म्हणजे चार दिवसांचा. माझ्या मित्राच्या १० जानेवारीचं आणि आजीच्या १४ जानेवारीचं कोडं इथे सुटतं.

चार दिवसांवर भागत नाही. अधिक महिना कधी घालायचा हेही सूर्याच्या संक्रांतीवर ठरतं. काही वर्षी दोन पंचांगांचे अधिक महिने वेगळे पडतात आणि एकाच वाडीत गणपती महिन्याच्या अंतरानं येतात. त्या वर्षी सुट्टी कधी टाकायची, यावर माझा मित्र आणि त्याचा मॅनेजर यांच्यातली बोलणी मी ऐकली आहेत.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. समितीनं सणांसाठी चित्रेची बाजू घेतली आणि २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला ठरवले. राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र सायन केली. तिचा चैत्र विषुवदिनाशी बांधलेला आहे, आणि २२ मार्च १९५७ पासून ती सरकारी कागदांवर आहे. म्हणजे स्वतंत्र भारतातही दोन हिशोब शेजारी शेजारीच राहिले.

सरक नव्हे, ताण

इथपर्यंत मी याला फेज शिफ्टच समजत होतो. चूक कामावर कळली. आमच्याकडे शेतांत बसवलेल्या सेन्सरचं तापमान यायचं. तापमानाची रोजची लाट दुपारी माथ्यावर जाते. एका यंत्राचा माथा ४० मिनिटं सरकलेला दिसला. मी कोडमध्ये ४० मिनिटं वजा केली, बरोबर बसलं, तिकीट बंद केलं. महिन्यानं पुन्हा २० मिनिटांचा फरक. मी ६० वजा केली. पुढच्या महिन्यात पुन्हा. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, की ही सरक नाहीच. यंत्राचं घड्याळ रोज ४० सेकंदांनी चुकत होतं. मी क दुरुस्त करत बसलो होतो, बिघाड ब मध्ये होता.

संक्रांतीचंही तेच. ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची एक फेरी ३६५.२५६४ दिवसांची. ऋतूंच्या संदर्भात, विषुवापासून विषुवापर्यंत, ३६५.२४२२ दिवसांची. फरक वर्षाला वीस मिनिटांचा. दोन लाटा जवळजवळ सारख्याच, एक केसभर जास्त ताणलेली. दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वी दोघींची सुरुवात एकत्र होती. दरवर्षी वीस मिनिटं, साधारण सत्तर वर्षांत एक दिवस, असं करत अंतर आज २४ दिवसांवर आलं आहे. गणेश दैवज्ञांचं ‘शक वजा ४४४’ हे सूत्र म्हणूनच वर्षावर अवलंबून आहे. सरक जर काळाबरोबर वाढत असेल तर ती सरक नसते. तिचा वेग त्यांनी वर्षाला ६० विकला धरला, खरा सुमारे ५०.३ आहे. तेच सूत्र शके १९४७ ला लावलं तर २५ अंश ३ कला येतात, चित्रेचे आजचे अयनांश २४ च्या थोडे वर. पाचशे वर्षं कुणी हात न लावलेली एका ओळीची रीत एका अंशाच्या आत चालतेय. माझा ४० मिनिटांचा पॅच एक महिना टिकला होता.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की १० आणि १४ मधलं भांडण मिटलं तरी प्रश्न मिटत नाही. ताऱ्यांना बांधलेली कुठलीही संक्रांत पुढे पुढे जाणारच. आताच ती काही वर्षी १५ जानेवारीला येते. अजून काही हजार वर्षांनी तिळगूळ उन्हाळ्यात खावा लागेल. सण ताऱ्यांशी बांधायचा की थंडीशी, हे गणित सांगत नाही. ते आपल्याला ठरवायचं आहे, आणि ठरवताना कुणाला मूर्ख म्हणण्याची गरज नाही.

सकाळी उठून

आता आजीचा प्रश्न. दिवसाची लांबी २२ डिसेंबरपासून वाढते हे खरं. पण ती वाढ कुठल्या टोकाला होते? मध्यान्ह रोज घड्याळात एकाच वेळी येत नाही, कारण सूर्याच्या चालीत आणखी दोन लाटा मिसळलेल्या असतात. एक वर्षाला एक फेरा घेणारी, वर पाहिलेल्या मंदफलातून आलेली. हिला भुजांतर म्हणतात. दुसरी वर्षाला दोन फेरे घेणारी, आडवी दाबलेली, सूर्याचा मार्ग विषुववृत्ताला कललेला आहे म्हणून आलेली. हिला उदयांतर. हे उदयांतर श्रीपतीच्या सिद्धान्तशेखरात येतं, आणि श्रीपती बहुधा आपल्या बुलढाण्यातल्या रोहिणखेडचे. भास्कराचार्यांनीही ते घेतलं. दोन्ही लाटांची बेरीज डिसेंबर-जानेवारीत मध्यान्हाला रोज थोडं उशिराकडे ढकलते.

नंदुरबारचा हिशोब मी करून पाहिला. २२ डिसेंबरला सूर्योदय सुमारे ७ वाजून ६ मिनिटांनी. १४ जानेवारीला सुमारे ७ वाजून १४ मिनिटांनी. दिवस मोठा होतोय, पण सगळी वाढ संध्याकाळी होतेय. सकाळ उलट आणखी उशिरा उजाडतेय. सूर्योदय मागे यायला सुरुवात होते ती जानेवारीच्या मध्यानंतर, संक्रांत झाल्यावर. आणि तीही तिळातिळानंच, आधी दिवसाला काही सेकंद.

आजी पहाटे उठायची. चूल, पाणी, गुरं, सगळं उजाडण्याआधी. तिच्यासाठी दिवस मोठा होणं म्हणजे सकाळी लवकर दिसू लागणं. तिच्या टोकावरून बघितलं तर ती अगदी बरोबर सांगत होती. मी आठ वाजता उठून पुस्तकाच्या टोकावरून बरोबर सांगत होतो. संक्रांतीची तारीख आणि हा उशिराचा सूर्योदय आपल्या शतकांत एकत्र आलेत हा योगायोग आहे. आणखी काही शतकांनी तोही सुटेल. म्हणून मी याला पूर्वजांचं विज्ञान म्हणणार नाही. ते एका बाईचं निरीक्षण होतं आणि ते खरं होतं.

हे तिला सांगायचं राहिलं. गेल्या संक्रांतीला घरी होतो तेव्हा गजर लावून सात वाजता गच्चीवर गेलो. पतंगवाल्यांच्या आधी. पूर्वेला धुकं होतं, त्यामुळे सूर्य दिसला तो ७ वाजून २५ मिनिटांनी, आणि वेळेची नोंद काही कामाची झाली नाही. पुढचे चार दिवस मात्र रोज गेलो.